सीएफडी आणि अक्षय ऊर्जेत संशोधन-अध्यापन: सॉफ्टवेअरच्या आधी काय शिकायचं

प्रश्न असा आहे: मेकॅनिकलचं पदव्युत्तर शिक्षण संपत आलं आहे, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एका व्यावसायिक सीएफडी (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं संगणकावर गणित करणाऱ्या) सॉफ्टवेअरवर केला आहे, आणि पवन किंवा सौर ऊर्जेत पीएचडी करून पुढे विद्यापीठात शिकवायचं, संशोधन करायचं मनात आहे. तर कोणतं सॉफ्टवेअर पक्कं करावं, विषय कोणता घ्यावा, आणि मशीन लर्निंगच्या लाटेत दहा वर्षांनी या क्षेत्रात काम उरेल का?

काम उरेल, त्याची काळजी करू नका. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पवनऊर्जेतल्या संशोधकांनी मिळून या विषयातली तीन मोठी आव्हानं मांडली. टर्बाइनच्या उंचीवर आणि पवनचक्क्यांच्या समूहात हवा नेमकी कशी वाहते, हे पहिलं. सतत मोठी होत चाललेली, लवचीक पात्यांची यंत्रं हवेत आणि समुद्रात कशी वागतात, हे दुसरं. असे प्रकल्प वीज-जाळ्याशी कसे जुळवायचे, हे तिसरं. यातली पहिली दोन सरळसरळ द्रायुगतिकीची, म्हणजे द्रव-वायूंच्या प्रवाहाच्या शास्त्राची आहेत आणि ती इतक्यात सुटणारी नाहीत.

पण तुमच्या प्रश्नात सॉफ्टवेअर पहिलं आलं, तिथे मला थोडं थांबायचं आहे. आज सीएफडीत उत्तर मिळवणं फार सोपं झालं आहे. भूमिती घ्या, मेश बनवा (म्हणजे क्षेत्र छोट्या छोट्या पेशींत विभागा), मॉडेल निवडा, बटण दाबा. काही तासांत रंगीत चित्र समोर. अवघड आहे ते त्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा हे आकड्यात सांगणं. विद्यापीठात तुमची पत ठरते ती यावर. सॉफ्टवेअर सफाईने चालवणारी माणसं उद्योगात भरपूर आहेत आणि ती आपल्यापेक्षा वेगाने काम करतात. विद्यापीठाकडून अपेक्षा असते ती हे गणित कुठे तोकडं पडतं आणि का, हे समजणाऱ्या माणसाची.

पवनऊर्जेत येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रयोग ठाऊक असायलाच हवा. २००० साली अमेरिकेच्या एनआरईएल या राष्ट्रीय प्रयोगशाळेने १० मीटर व्यासाचा, दोन पात्यांचा टर्बाइन नासाच्या एम्स केंद्रातल्या वातबोगद्यात उभा केला. बोगद्याचा छेद २४.४ मीटर उंच आणि ३६.६ मीटर रुंद. मोकळ्या वाऱ्यातली अनिश्चितता अशी काढून टाकली, पात्यावर जागोजाग दाब मोजला. मग निकाल झाकून ठेवले आणि वेगवेगळ्या संशोधक गटांना सांगितलं, तुमच्या गणिताने काय उत्तर येतं ते पाठवा. वारा ७ मीटर प्रति सेकंद असताना प्रवाह पात्याला बहुतांशी चिकटून असतो. गणिताच्या दृष्टीने ही सगळ्यात सोपी अवस्था. तरीही शक्तीचे अंदाज मोजलेल्या शक्तीच्या २५ टक्क्यांपासून १७५ टक्क्यांपर्यंत पसरलेले निघाले. जोराच्या वाऱ्यात, प्रवाह पात्यापासून सुटल्यावर, ही दरी आणखी रुंदावली.

या गटांत नवशिके नव्हते. कोणाची पद्धत ब्लेड एलिमेंट मोमेंटमची (पात्याचे तुकडे पाडून संवेगाचा हिशेब करणारी), कोणाची भोवऱ्यांची, मोजक्यांची पूर्ण नेव्हिअर-स्टोक्सची, म्हणजे प्रवाहाची मूळ समीकरणं सोडवणारी. डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेचं नेव्हिअर-स्टोक्स गणित मोजमापाच्या बरंच जवळ गेलं आणि पवनऊर्जेत सीएफडीचं वजन वाढलं. आजही नवा कोड लिहिला की लोक तो याच प्रयोगाच्या आकड्यांशी ताडून बघतात. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला मी हा अहवाल सुरुवातीलाच वाचायला देतो. एक नीट केलेला प्रयोग शेकडो गणितांना किती वर्षं पुरतो, हे त्यातून दिसतं. आणि आपलं उत्तर पटण्यासारखं दिसतंय म्हणून ते बरोबर असतंच असं नाही, ही जाणीव लवकर झालेली बरी.

भरवसा आकड्यात मांडणं म्हणजे काय, ते एका छोट्या गणितात दाखवतो. समजा, एका टर्बाइनचा शक्तिगुणांक (वाऱ्यातल्या शक्तीचा किती हिस्सा तो घेतो) तुम्ही तीन मेशवर काढला आणि दर वेळी पेशीची बाजू निम्मी केली. उत्तरं आली ०.४४०, ०.४६४ आणि ०.४७०. पहिल्या दोहोंतला फरक ०.०२४, पुढच्या दोहोंतला ०.००६. बाजू निम्मी केल्यावर फरक एक चतुर्थांश झाला, म्हणजे तुमची पद्धत दुसऱ्या कोटीची वागते आहे, जशी ती वागायला हवी. आता मेश अनंत बारीक केली असती तर उत्तर कुठे स्थिरावलं असतं? शेवटच्या फरकाचा तिसरा हिस्सा शेवटच्या उत्तरात मिळवा: ०.४७२. पॅट्रिक रोच यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्सप्रमाणे १.२५ चा सुरक्षा-गुणक धरला, तर सर्वांत बारीक मेशवरची अनिश्चितता साधारण अर्धा टक्का निघते. आता तुम्ही ठामपणे म्हणू शकता की मेशमुळे या उत्तरात अर्ध्या टक्क्याचं इकडेतिकडे होऊ शकतं.

याच्या जागी प्रबंधांत काय वाचायला मिळतं? ‘दोन मेशच्या उत्तरांत दोन टक्क्यांहून कमी फरक आला, म्हणून मधली मेश निवडली.’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलं आहे की तोंडी परीक्षेला जाताना त्यावरचा प्रश्न तयारच असतो: पेशींची बाजू किती टक्क्यांनी बदलली होती? बाजू जेमतेम पाच टक्क्यांनी बदलली असेल तर फरक कमी येणारच; त्यातून उत्तर स्थिरावल्याचं काहीच सिद्ध होत नाही. फ्लुइड्स इंजिनीअरिंगच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाने १९८६ मध्येच जाहीर केलं होतं की गणितातल्या चुकीचा अंदाज न देणारे शोधनिबंध आम्ही छापणार नाही. तरीही हे वाक्य टिकून आहे. तुम्ही ते कधीच लिहिलं नाही, तर एवढ्यानेच तुमचं काम वेगळं उठून दिसेल.

आणि हा अर्धा टक्का फक्त मेशचा, हे लक्षात ठेवा. टर्ब्युलन्स मॉडेलमुळे, म्हणजे प्रवाहातल्या खळबळीच्या ढोबळ गणितामुळे, येणारी चूक त्यात नाही, आणि पवनऊर्जेत खरी मोठी चूक बहुधा तिथेच असते.

ती का असते हे समजायला लांबी-रुंदीचा अंदाज हवा. एनआरईएलनेच २००९ मध्ये ५ मेगावॅटच्या एका संदर्भ-टर्बाइनची पूर्ण माहिती प्रसिद्ध केली. तो कोणत्याही कारखान्यात बनत नाही, कागदावरचाच आहे, म्हणून जगभरचे संशोधक मोकळेपणाने वापरतात. व्यास १२६ मीटर, हब (रोटरचा मध्य) ९० मीटर उंचीवर, पूर्ण क्षमता ११.४ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला. या वर्तुळातून त्या वेगाने जाणाऱ्या हवेत किती शक्ती असते ते काढा: घनता १.२२५, क्षेत्रफळ सुमारे १२,४७० चौरस मीटर, वेगाचा घन, आणि सगळ्याचं निम्मं. उत्तर ११.३ मेगावॅट. जनित्रातला तोटा धरून टर्बाइनच्या दांड्यावर साधारण ५.३ मेगावॅट लागतात, म्हणजे वाऱ्यातली ४७ टक्के शक्ती. आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलेली कमाल मर्यादा ५९.३ टक्के आहे. हे गणित दोन मिनिटांचं आहे आणि सीएफडीला हात लावण्याआधी ते वहीत असलंच पाहिजे. उघड्या रोटरचा शक्तिगुणांक ०.६२ आला, तर मेश बदलत बसण्यापेक्षा सीमा-अटी आणि क्षेत्राचा आकार तपासायचा, हे ही वही तुम्हाला लगेच सांगते.

आता त्याच पात्याच्या जवळ जा. पात्याची रुंदी ३ मीटर आणि तिथला सापेक्ष वेग ६० मीटर प्रति सेकंद धरला तर रेनॉल्ड्स संख्या (जडत्व आणि श्यानता यांच्या प्रभावांचं गुणोत्तर) १ कोटी २० लाखांच्या घरात जाते. पात्याच्या पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा पातळ थर, म्हणजे सीमास्तर, नीट पकडायचा तर पहिल्या पेशीची उंची सुमारे ७ मायक्रोमीटर ठेवावी लागते. दुसऱ्या टोकाला, या टर्बाइनमागचा मंदावलेला वारा बघायचा तर क्षेत्र काही किलोमीटर लांब घ्यावं लागतं. मायक्रोमीटरपासून किलोमीटरपर्यंत नऊ वेळा दहापट होणारा पल्ला, आणि वारा या सगळ्या पल्ल्यात खळबळत असतो. प्रत्येक भोवरा थेट सोडवायचा म्हटलं तर कोल्मोगोरोव्ह यांच्या १९४१ च्या सिद्धांतानुसार पेशींची संख्या रेनॉल्ड्स संख्येच्या सव्वादोन घाताने वाढते. आपल्या पात्यासाठी हा आकडा एकावर सोळा शून्यांच्या आसपास जातो. तुलनेसाठी: १९८७ मध्ये किम, मॉइन आणि मोझर यांनी साध्या सपाट वाहिनीतल्या प्रवाहाचं गाजलेलं थेट गणित केलं, तेव्हा ३,३०० रेनॉल्ड्स संख्येला सुमारे ४० लाख बिंदू लागले होते.

म्हणून मॉडेल येतं. सगळी खळबळ सरासरीत घेतली की रॅन्स, मोठे भोवरे सोडवून फक्त बारीक भोवऱ्यांसाठी मॉडेल वापरलं की एलईएस. मेंटर यांचं १९९४ चं एसएसटी हे रॅन्स मॉडेल पात्यावरच्या प्रवाहासाठी चांगलं, हे सगळे सांगतील. त्यामागचं कारण मात्र तुम्हाला सांगता यायला हवं: दाब वाढत्या दिशेने जाणाऱ्या सीमास्तरात कातर-ताणाचा अंदाज फुगू नये म्हणून त्यात मुद्दाम मर्यादा घातली आहे. त्याउलट नेहमीचं के-एप्सिलॉन हे दुसरं रॅन्स मॉडेल टर्बाइनमागच्या वेकमध्ये, म्हणजे मंदावलेल्या वाऱ्याच्या पट्ट्यात, वापरलं, तर ते तिथली टर्ब्युलंट श्यानता फार मोठी धरतं. परिणामी मंदावलेला वारा प्रत्यक्षापेक्षा लवकर सावरल्यासारखा दिसतो आणि मागच्या टर्बाइनला मिळणारी वीज कागदावर वाढते. चित्र अगदी सुरेख येतं. गणित कन्व्हर्जही होतं. उत्तर मात्र चुकीच्या बाजूला झुकलेलं असतं, आणि ज्याला समीकरणातली ती संज्ञा माहीत आहे त्यालाच ते कळतं.

वेकचा प्रश्न मला या क्षेत्रातला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो. डेन्मार्कच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात हॉर्न्स रेव्ह हा प्रकल्प २००२ मध्ये उभा राहिला, २ मेगावॅटचे ८० टर्बाइन. फेब्रुवारी २००८ मध्ये एका दमट सकाळी तिथला हवाई फोटो काढला गेला. प्रत्येक टर्बाइनमागे धुक्याचा पट्टा तयार झाला होता आणि एका ओळीचा वेक पुढच्या ओळीवर कसा आदळतो ते डोळ्यांना दिसत होतं. तिथे टर्बाइन एकमेकांपासून सात व्यासांवर आहेत, तरी वारा थेट ओळीच्या दिशेने आला की मागच्या यंत्राची वीज तीस-चाळीस टक्क्यांनी घटते. नील्स ऑटो येन्सन यांनी १९८३ मध्ये मांडलेलं एका ओळीच्या सूत्राचं वेक मॉडेल अजून वापरात आहे, कारण ते एका क्षणात उत्तर देतं आणि सरासरीत फार चुकत नाही. दुसऱ्या टोकाला आहे सोरेन्सन आणि शेन यांची २००२ ची अ‍ॅक्च्युएटर लाइन पद्धत: पात्याचा आकार मेशमध्ये न आणता फिरत्या रेषेवर बल वाटून द्यायचं, म्हणजे सात मायक्रोमीटरच्या पेशी वाचतात आणि तो हिशेब आजूबाजूच्या खळबळीवर खर्च करता येतो.

या दोन टोकांच्या मधली जागा अजून मोकळी आहे, आणि ती टर्बाइनच्या वाढत्या आकाराबरोबर रुंदावते आहे. २०२० मध्ये आलेल्या १५ मेगावॅटच्या संदर्भ-टर्बाइनचा व्यास २४० मीटर, हब १५० मीटरवर. म्हणजे पात्याचं टोक २७० मीटरपर्यंत पोहोचतं. जमिनीलगतच्या हवेसाठी आपण जो लॉगरिदमिक वेग-नियम शिकतो तो एवढ्या उंचीवर भरवशाचा राहत नाही. रात्री जमीन थंड झाल्यावर हवेचे थर स्थिर होतात, खळबळ मंदावते, वेक लांबच लांब टिकतो आणि वाऱ्याची दिशासुद्धा पात्याच्या खालच्या आणि वरच्या टोकाला वेगळी असू शकते. तरंगत्या टर्बाइनमध्ये तर पाया स्वतःच डोलत असतो आणि रोटर आपल्याच वेकमध्ये पुढे-मागे होतो. यातला कुठलाही एक धागा घट्ट धरला तरी पीएचडी होते.

बाकीच्या ऊर्जाप्रकारांबद्दल थोडक्यात. सौर पॅनेलमध्ये मुख्य प्रश्न उष्णतेचा: सिलिकॉनचं पॅनेल अंशामागे साधारण ०.३ ते ०.५ टक्के क्षमता गमावतं, म्हणून पॅनेलखालून वाहणाऱ्या हवेला महत्त्व. विषय उपयोगाचा आहे, पण गर्दीही तिथेच सर्वाधिक. ‘पॅनेल थंड करण्याची आणखी एक रचना’ या धाटणीच्या निबंधांत हरवून जाऊ नका. केंद्रित सौर ऊर्जेतले आरशांवरचे वाऱ्याचे भार आणि औष्णिक साठवणीतला प्रवाह यांत खोल काम शिल्लक आहे. भरती-ओहोटीच्या टर्बाइनमध्ये पाणी हवेपेक्षा आठशेहून अधिक पट जड, म्हणून भार प्रचंड, शिवाय कॅव्हिटेशनचं (कमी दाबात पाण्यात वाफेचे बुडबुडे होण्याचं) भान ठेवावं लागतं. जलविद्युतमध्ये फ्रान्सिस टर्बाइनच्या ड्राफ्ट ट्यूबमध्ये (पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत) अंशभारावर, म्हणजे पूर्ण क्षमतेपेक्षा कमी भारावर, फिरणारा भोवऱ्याचा दोर हा जुना आणि अजून पुरता न सुटलेला प्रश्न. सौर-पवनच्या चढउतारांमुळे जलविद्युत यंत्रं आता वारंवार अंशभारावर चालवावी लागतात, त्यामुळे या जुन्या प्रश्नाला नवी निकड आली आहे. मला विचाराल तर तरुण संशोधकांनी इकडे अधिक यायला हवं.

विषय निवडताना माझी कसोटी एकच. ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्यातरी मोजमापाशी ताडून बघता येईल, तो घ्या. वातबोगद्यातले आकडे, लायडारची (लेझरने वारा मोजणाऱ्या यंत्राची) नोंद, चालू प्रकल्पातला डेटा, काहीही चालेल. पण गणिताबाहेरचं काहीतरी हवं. चार वर्षं नुसती गणितं करून शेवटी तुलनेला काहीच हाती नसलं, तर प्रबंध कसाबसा पास होतो, पण त्याच्या जोरावर पुढची दारं उघडत नाहीत.

आता तयारीकडे. सॉफ्टवेअर शिकण्याआधी एक छोटा कोड स्वतः लिहा, याला पर्याय नाही. एका मितीतलं संवहन-विसरण समीकरण घ्या, सेंट्रल डिफरन्सिंग (दोन्ही बाजूंच्या पेशी सारख्याच धरणारी पद्धत) वापरा, आणि पेशीची पेक्ले संख्या (संवहन आणि विसरण यांचं गुणोत्तर) दोनच्या वर नेऊन बघा. उत्तर कसं दातेरी होतं ते डोळ्यांनी दिसेल. मग अपविंड (प्रवाह येतो त्या बाजूच्या पेशीचं मूल्य घेणारी पहिल्या कोटीची पद्धत) वापरा: दात गेले, पण तीव्र उतार पसरट झाला. ही पसरण भौतिक नाही, पद्धतीने आणलेली आहे. हा अनुभव हाताने घेतलेल्या माणसाला पुढे व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये ‘फर्स्ट ऑर्डर’ निवडताना आपसूक संकोच वाटतो. त्यानंतर झाकण सरकणाऱ्या चौकोनी पोकळीतला प्रवाह सोडवा. दाब आणि वेग यांची गाठ कशी सोडवायची हा सीएफडीचा गाभा. सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पॉल्डिंग यांनी १९७२ मध्ये दिलेली सिंपल पद्धत इथे ओळीओळीने समजून लिहा. उत्तरं घिया आणि सहकाऱ्यांच्या १९८२ च्या प्रसिद्ध तक्त्यांशी जुळवा. मधल्या उभ्या रेषेवरचा वेग त्यांच्या आकड्यांवर बरोबर बसतो तो क्षण पुस्तक वाचून मिळत नाही.

सॉफ्टवेअरचं उत्तर मग सोपं आहे: ओपनफोम. २००४ पासून ते मुक्त आहे आणि आतलं प्रत्येक समीकरण उघडून बघता येतं, बदलता येतं. शिकायला जड जातं, सुरुवातीचे काही महिने चिडचिड होते, तरी संशोधनात आपण काय सोडवतो आहोत हे दिसणं अत्यावश्यक. सोबत लिनक्स, पायथन, गिट, थोडं सी प्लस प्लस आणि समांतर संगणनाची ओळख. व्यावसायिक सॉफ्टवेअर येत असेल तर उत्तमच. ते विसरू नका, उद्योगाशी बोलताना तीच भाषा लागते.

गणित कच्चं असेल तर पीएचडीच्या आधीच पक्कं करा: आंशिक अवकल समीकरणं, रेषीय बीजगणित, संभाव्यता. संभाव्यता बरेच जण टाळतात. वाऱ्याबरोबर काम करणाऱ्याला ती टाळता येत नाही, कारण स्पेक्ट्रम, सहसंबंध आणि सरासरीची अनिश्चितता रोजच्या कामात आहेत. एलईएसमध्ये दहा मिनिटांची सरासरी पुरेशी आहे की तासभराची घ्यायची, हा प्रश्न सांख्यिकीचा आहे.

गाईडची निवड विषयाच्या निवडीपेक्षा महत्त्वाची. नावाजलेल्या माणसाकडे जावं की नवख्याकडे, याला सरसकट उत्तर नाही. पण अर्ज करण्याआधी त्यांच्या सध्याच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांशी बोला. विचारा: भेट किती दिवसांनी होते, मसुदा परत यायला किती वेळ लागतो, विद्यार्थी साधारण किती वर्षांत बाहेर पडतात, आणि बाहेर पडून कुठे जातात. संगणकीय वेळ कुठून मिळतो हेही विचारा. एलईएस करायचं आणि मोठ्या क्लस्टरवर खातं नाही, अशी स्थिती असेल तर विषयच बदलायला हवा. शक्यतो असा गट निवडा जिथे प्रयोग करणारं कोणीतरी शेजारी आहे. मोजमाप करणाऱ्याच्या टेबलाशी बसून चहाच्या वेळात झालेल्या बोलण्यातून सीमा-अटींबद्दल जेवढं कळतं तेवढं निबंधांतून कळत नाही: वातबोगद्यातली खळबळ प्रत्यक्षात किती होती, मोजमापाची नळी किती अंश तिरपी बसली होती.

शोधनिबंधांची संख्या वाढवण्याचा दबाव सगळीकडे आहे, तो खोटा नाही. तरी निवड समितीत बसलेला माणूस म्हणून सांगतो, एकाच विषयावरचे पंधरा विस्कळीत निबंध आणि एकमेकांतून पुढे जाणारे चार निबंध समोर आले, तर चर्चा त्या चारांवर होते. त्यांतून माणूस काय विचार करतो ते कळतं. निबंधासोबत मेश, केस फाइल आणि कोड खुला करा. लोक तो वापरतात, चुका दाखवतात, आणि त्यातून पुढची सहकार्यं जमतात. परीक्षकांची टिप्पणी कडक आली तर एक दिवस बाजूला ठेवा, मग मुद्देसूद उत्तर द्या. मॉडेलच्या निवडीवर आणि मेशवर प्रश्न येणारच, त्यांची उत्तरं आधीपासून परिशिष्टात असतील तर निम्मं काम होतं.

पीएचडीनंतरचा काळ कठीण असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. कायम जागा कमी आणि इच्छुक जास्त. एक-दोन पोस्टडॉक करावे लागतात, गावं बदलावी लागतात, आणि घरच्यांच्या आयुष्याचा हिशेब त्यात धरावा लागतो. या काळात पहिल्या गटापेक्षा वेगळं काही शिका: रॅन्समध्ये पीएचडी असेल तर वातावरणाच्या एलईएसकडे जा, गणितात असेल तर मोजमापाकडे. निधीचा अर्ज लिहायला याच काळात शिका. गाईडच्या अर्जातला एखादा विभाग मागून घेऊन लिहा. आणि उद्योगाचं दार बंद समजू नका. टर्बाइन बनवणाऱ्या कंपन्या, प्रकल्पस्थळाचं मूल्यमापन करणाऱ्या सल्लागार संस्था, राष्ट्रीय प्रयोगशाळा, हवामान विभाग, सगळीकडे हे कौशल्य लागतं. तिकडे काही वर्षं काढून विद्यापीठात परतलेले लोक फार चांगले शिक्षक झालेले मी पाहिले आहेत.

शिकवण्याबद्दल लोक कमी विचारतात, म्हणून आवर्जून सांगतो. सीएफडी शिकवणं अवघड आहे, कारण विद्यार्थ्याला चित्र पटकन मिळतं आणि मग समीकरणाकडे परतायची इच्छा राहत नाही. मी पहिले काही तास संगणक उघडूच देत नाही. फळ्यावर पाच पेशींची वाहिनी काढायची, प्रत्येक पेशीत किती वस्तुमान आलं आणि किती गेलं याचा हिशेब हाताने करायचा. ज्याला पाच पेशींचा ताळेबंद जमला त्याला पाच कोटींचा समजतो. शिवाय दर प्रकल्पात एक सक्तीचा परिच्छेद लिहायला लावतो: माझं उत्तर कुठे चुकत असू शकतं आणि साधारण किती. सुरुवातीला मुलं घाबरतात, चूक कबूल केली तर गुण जातील असं त्यांना वाटतं. मी नेमके त्याच परिच्छेदाला सर्वाधिक गुण ठेवतो.

मशीन लर्निंगचा मुद्दा राहिला. ते शिका, घाबरू नका. वेकचे झटपट अंदाज, टर्ब्युलन्स मॉडेलमधल्या संज्ञांची सुधारणा, प्रकल्पाचं चालू नियंत्रण, इथे त्याचा खरा उपयोग होतो आहे. हवामान अंदाजात तर मोठी झेप दिसली: २०२३ मध्ये आलेलं ग्राफकास्ट हे मशीन लर्निंगचं मॉडेल दहा दिवसांचा जागतिक अंदाज मिनिटभरात देतं. पण ते शिकलं कशावर? युरोपीय हवामान-अंदाज केंद्राच्या ईआरए५ या पुनर्विश्लेषणावर, म्हणजे भौतिकशास्त्राचं मॉडेल आणि दशकानुदशकांची निरीक्षणं यांच्या मिलाफावर. शिकवायला विश्वासू डेटा लागतो आणि तो कोणीतरी नीट सोडवलेला, नीट मोजलेला असावा लागतो. शिवाय अशा मॉडेलला त्याने न पाहिलेल्या परिस्थितीत नेलं, समजा लहान टर्बाइनवर शिकवून २४० मीटरच्या रोटरवर वापरलं, तर ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देऊ शकतं. ही चूक ओळखायला वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा ताळेबंद मांडता येणारा माणूस लागतो.

पुढच्या सहा महिन्यांत काय कराल, ते ठरवून देतो. पहिले दोन महिने पोकळीचा कोड, स्वतः लिहिलेला, तीन मेशवर तपासलेला. पुढचे दोन महिने ओपनफोम, आणि त्यात मागच्या बाजूला तोंड असलेल्या पायरीवरचा (बॅकवर्ड-फेसिंग स्टेप) प्रवाह: पायरीमागे सुटलेला प्रवाह पुन्हा कुठे चिकटतो ती लांबी दोन टर्ब्युलन्स मॉडेलनी काढा आणि ड्रायव्हर व सीगमिलर यांच्या १९८५ च्या मोजमापाशी तुलना करा. के-एप्सिलॉन ही लांबी कमी दाखवेल. का दाखवतं ते अर्ध्या पानात लिहा. शेवटचे दोन महिने अ‍ॅक्च्युएटर डिस्कने (रोटरच्या जागी बल लावणाऱ्या चकतीने) एका टर्बाइनचा वेक. या तिन्ही गोष्टी एका खुल्या रिपॉझिटरीत ठेवा आणि गाईडला पहिली ईमेल लिहिताना लांबलचक परिचयाऐवजी तिचा दुवा द्या. त्याखाली दोन ओळींत लिहा की तुमचा वेक कितव्या व्यासापासून मोजमापापेक्षा लवकर सावरतो आणि त्याचं कारण तुम्हाला काय वाटतं.